लाजवंती काय खाते

रहाटणीला नदीच्या अंगाला जखमी पशुपक्ष्यांचं एक छोटं उपचार केंद्र आहे. त्याच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या असत, एक निळी, एक लाल. निळ्या फळीवर पपई, केळी, रताळी, मक्याची कणसं चिरली जात. लाल फळीवर मांस आणि मासळी. त्या लाल फळीच्या खाली जाळीचा एक डबा होता, त्यात कोंडा आणि अंड्यांचे रिकामे पुठ्ठे घालून रातकिडे पाळलेले होते. दिवसभर त्यांची किरकिर चालू असे. निळी फळी कुसुमताईंची. लाल फळी बुद्धरत्नची.

ही वाटणी कुसुमताईंनी कामावर येतानाच करून घेतली होती. केंद्राच्या डॉक्टर मिनल यांना त्या म्हणाल्या होत्या, "मी माळकरी आहे. घाण काढीन, पिंजरे धुवीन, रात्री थांबायला सांगितलंत तर थांबीन. पण मांसाला आणि किड्याला हात लावणार नाही." आवाज नेहमीचाच, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतका. मिनलताईंनी बुद्धरत्नकडे पाहिलं. बुद्धरत्न म्हणाला, "माझं काही नाही. मला चिरायला कांदा नको, बाकी काही द्या."

या गोष्टीला चार वर्षं झाली. चार चातुर्मास झाले. चातुर्मासात कुसुमताई दोन नेम धरत. आपल्या हातून किंवा आपल्या शब्दावरून कुणाचा जीव जाऊ द्यायचा नाही, हा एक. आपल्या हाताखालचा मुका जीव जेवल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही, हा दुसरा. दोन्ही नेम एका घरातल्या समजूतदार जावांसारखे नांदत होते. एकीनं चूल सांभाळावी, दुसरीनं गोठा. त्यांचं आपसात कधी वाजलं नव्हतं.

बुद्धरत्न मधूनमधून चेष्टा करी. त्याच्या घरी काळेवाडीला त्याची आई वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात जाई, पौर्णिमेला उपोसथाचं व्रत करी. तो म्हणे, "ताई, पहिलं शील आमच्यातही तेच आहे. जीव घ्यायचा नाही. पण मी घारीला वांगं घातलं तर घार मरणार, आणि ती पण माझ्याच हातानं. मग मी काय करू, सांगा."

"तू तुझं कर रे बाबा," कुसुमताई म्हणत आणि पपईच्या बिया काढू लागत.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी चाकणहून फोन आला. तिथं परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी लाकडी पेट्या बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या आवारात, लाकडाच्या थप्पीत, मोठ्या डोळ्यांचं काहीतरी बसलंय, माकड म्हणावं तर माकड नाही, मांजर म्हणावं तर मांजर नाही, असं सुपरवायझर सांगत होता. बुद्धरत्न गाडी घेऊन गेला आणि अकराच्या सुमारास खोका घेऊन आला. खोक्यात ओल्या फडक्याच्या बोळ्याएवढा एक जीव होता. डोकं पोटात घालून, हातपाय आत घेऊन, गोळा होऊन झोपलेला. तराजूवर ठेवला तर एकशे शहाऐंशी ग्रॅम भरला.

डॉक्टर मिनल तेव्हा नागपूरला एका प्रशिक्षणाला गेल्या होत्या, सोमवारी यायच्या होत्या. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "लोरिस आहे. लाजवंती. पण कुठली लाजवंती, हे असल्या गोळ्यावरून कळायचं नाही. गाडी कुठून आली होती?"

पंचाईत तिथंच होती. त्या दिवशी कारखान्यात दोन ट्रक रिकामे झाले होते. एक प्लायवूड घेऊन आसामकडून आलेला, दुसरा ओंडके घेऊन दोडामार्गाकडून. दोन्हींचा माल एकाच छपराखाली उतरवला होता.

"वनखात्याला आपण सांगू तिकडे ते सोडणार," मिनलताई म्हणाल्या. "चुकीच्या जंगलात गेलं तर जगायचं नाही. आणि त्याआधी खाणं. कुसुमताई, भिंतीवरचा तक्ता बघा."

तक्ता कुसुमताईंना पाठ होता. रोज फळं चिरताना तो समोरच असे. रात्री जागणाऱ्या वानरगणातल्या लहान प्राण्यांची चार चित्रं त्यावर होती. पहिलं आफ्रिकेतलं, लांब शेपटीचं, कान मोठे, बेडकासारख्या उड्या मारणारं. दुसरं फिलिपिन्सकडचं, त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा, खोबणीत घट्ट बसलेला, म्हणून बाजूला बघायचं तर अख्खी मान फिरवणारं. ही दोन्ही आपल्याकडची नव्हेत. खालची दोन आपली, बिनशेपटीची, हळू चालणारी. त्यातली संथ लाजवंती ईशान्येकडची. अंगानं भरलेली, केस दाट, पाठीवरून गडद पट्टा, पूर्ण वाढली की किलोभर आणि वर. चावली तर विषारी. सडपातळ लाजवंती आपल्या घाटातली आणि दक्षिणेकडची. हातपाय काटक्यांसारखे, तोंड निमुळतं, वजन जेमतेम पाव किलो. पट्टा तिलाही असतो, पण पुसट.

आणि प्रत्येक चित्राखाली आहार. संथ लाजवंती: डिंक, फुलांतला रस, फळं, थोडे किडे. सडपातळ लाजवंती: किडे. मुंग्या, नाकतोडे, पतंग, कधी पाल. त्यापुढे फळाचं नाव नव्हतं.

"मला वाटतं, जाड जातीचं पिल्लू आहे हो डॉक्टर," कुसुमताई म्हणाल्या. "गोल दिसतंय. पाठीवर पट्टा आहे."

"हातपाय कसे आहेत?"

"बारीक आहेत. पण उपाशी असेल ना, म्हणून."

मिनलताईंचं बोलणं मध्येच तुटलं, त्यांचा वर्ग सुरू होणार होता. तासाभरानं केंद्राच्या फोनवर त्यांचा आवाजातला निरोप आला. फोन स्वयंपाकघरातल्या खिडकीत असे. कुसुमताई एकट्याच होत्या.

"कुसुमताई, पिल्लू असेल तर वजनावरून संथ लाजवंती म्हणता येईल, पण मला खात्री नाही. डिंक पाण्यात भिजवून द्या, पिकलं केळं द्या. आणि बुद्धरत्नला सांगा, चार-पाच जिवंत रातकिडे पण सोडून बघ. ते कसं खातंय त्यावरून आपल्याला कळेल. मला सांगा मग."

कुसुमताईंनी तो दोनदा ऐकला. बुद्धरत्न बाहेर घारीचा पिंजरा धूत होता. पाण्याचा पाइप बंद करून त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"डिंक आणि केळं," कुसुमताई म्हणाल्या.

खोटं काही नव्हतं त्यात. डिंक आणि केळं असंच त्या म्हणाल्या होत्या. पुढचं जे होतं ते 'सोडून बघ' एवढंच होतं. बघायला सांगितलं होतं, घालायला नव्हे. आणि आपण सांगितलं की बुद्धरत्न डब्यातून चार जीव काढणार, म्हणजे आपल्या शब्दावरून ते जाणार. रोजचे तो घालतो ते त्याच्या कामातले. त्यात आपला शब्द नसतो. शिवाय ते पिल्लू फळंच खाणार होतं. कुसुमताईंनी वहीत नोंद केली: संथ लाजवंती, पिल्लू. आहार, फळे व डिंक. अक्षर नेहमीसारखं सुवाच्य आलं.

संध्याकाळी त्यांनी घरून आणलेला बाभळीचा डिंक भिजवला, केळ्याच्या चकत्या केल्या, आतल्या अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यात ठेवल्या. सकाळी डिंकावर साय धरली होती आणि केळं काळं पडलं होतं. वजन एकशे अठ्ठ्याहत्तर.

कुसुमताई दोन बस बदलून दिघीला घरी जात. सासू सोजराबाई ऐंशीच्या पुढच्या, नजर अधू, पण सुनेनं ताट वाढून घेतलं नाही हे त्यांना भांड्यांच्या आवाजावरून कळे. गुरुवारी रात्री त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारी विचारलं.

"काल बी दूध पिऊन निजलीस. आज बी. कसला उपास म्हनायचा ह्यो?"

"केंद्रात एक जीव आलाय. तो खात नाही अजून."

"आन् तू न्हाई जेवलीस म्हून त्ये जेवनार हाय व्हय?"

"नेम आहे आई."

"नेम हाय, न्हाई कुठं म्हनते मी. कस्लं जनावर हाय?"

कुसुमताईंनी सांगितलं. डोळे केवढे, हात कसे, दिवसा कसं गोळा होऊन निजतं. सोजराबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"एवढालं डोळं हायती म्हन्जी काय केळं हुडकायला दिल्यात व्हय देवानं? केळं काय पळून जातंय?" त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

कुसुमताईंनी हरिपाठ म्हटला, पण मधले दोन अभंग राहून गेले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

शुक्रवारी दुपारी मिनलताईंचा मेसेज आला होता, 'खाल्लं का काही?' कुसुमताईंनी लिहिलं होतं, 'नाही अजून.' हेही उत्तर खरंच होतं. पण नागपुरात बसलेल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की त्यानं डिंक खाल्ला नाही, केळं खाल्लं नाही आणि किडेही खाल्ले नाहीत. म्हणजे जनावर आजारी आहे. त्यांनी ग्लुकोजचं पाणी सुचवलं, खोली उबदार ठेवायला सांगितली. बुद्धरत्ननं चामड्याचे हातमोजे घालून, विषारी समजून, लांबूनच सिरिंजनं दोन थेंब तोंडात सोडले. निम्मे हनुवटीवरून ओघळले.

शनिवारी सकाळी वजन एकशे एकोणसत्तर झालं.

"एकशे साठच्या खाली गेलं तर माझ्याही हातात काही राहायचं नाही," मिनलताई फोनवर म्हणाल्या. "मी आज रात्रीच निघते. सकाळी पोचेन. तोवर धरून ठेवा."

बुद्धरत्न फोन ठेवून म्हणाला, "ताई, तुमचा आणि त्याचा, दोघांचा उपास सुरू आहे. दोघांत आधी कोण सोडतंय बघू." मग त्यानं कुसुमताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. "चहा अन्न नाही," तो म्हणाला. कुसुमताईंनी तो घेतला.

चार वाजता माणहून निरोप आला, मांज्यात घुबड अडकलंय. बुद्धरत्न गाडी घेऊन गेला. सहाला त्याचा फोन आला, घुबड मिळालं पण हिंजवडीच्या चौकात गाड्या इंचभर हलत नाहीत, शनिवार असून. कुसुमताई केंद्रात एकट्या राहिल्या. त्यांनी घारीला पाणी दिलं, दोन कासवांची टाकी बदलली, हात धुतले आणि केळ्याची ताजी ताटली घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

सात वाजत आले होते. खोलीत लाल रंगाचा मंद दिवा होता. दार उघडताना बाहेरच्या दिव्यावरचे दोन-चार पतंग त्यांच्याबरोबर आत आले. भाद्रपदात ते असतातच.

जनावर जागं होतं. तीन दिवसांत कुसुमताईंनी त्याला पुरतं उलगडलेलं प्रथमच पाहिलं. ते आडव्या फांदीवर चार पायांनी उभं होतं आणि त्याचा गोलपणा कुठेच नव्हता. कागदी पतंगाच्या कामट्या असाव्यात तसे हातपाय, वर छोटंसं धड, निमुळतं तोंड आणि त्या तोंडाच्या मानानं अवास्तव डोळे. केळ्याच्या ताटलीकडे त्यानं पाहिलंही नाही.

एक पतंग जाळीतून आत गेला आणि फांदीच्या टोकाला बसला. जनावर निघालं. निघालं असं म्हणायचं, कारण ते हलताना दिसत नव्हतं. आधी तिथं होतं आणि मग थोडं पुढे होतं. कुसुमताईंच्या हातात ताटली तशीच होती. मग मागच्या दोन पायांनी फांदी धरून त्यानं दोन्ही हात एकदम पुढे टाकले. पतंग ओंजळीत होता. डोळे मिटून त्यानं आधी त्याचं डोकं चावलं. खोलीत तेवढाच आवाज झाला. पंख खाली कागदावर पडले. नंतर त्यानं जांभई दिली, आणि त्या लाल उजेडात कुसुमताईंना त्याचे दात दिसले. झिजलेले, टोकं गेलेले दात.

पिल्लाचे दात झिजलेले नसतात. ते वाळलेलं जाड पिल्लू नव्हतं. ते पुरं वाढलेलं बारीक जनावर होतं. हातपाय उपासानं बारीक झाले नव्हते, ते तसेच होते. तक्त्यावर तसेच काढलेले होते. चार वर्षं ते चित्र त्यांच्या समोर होतं.

दोन मिनिटं त्या तिथंच उभ्या राहिल्या. आताही कुणी पाहत नव्हतं. बुद्धरत्न येईल, त्याला सांगावं, 'अरे, आत्ता पतंग खाल्ला बघ यानं, किडे घालून बघ.' एवढं पुरलं असतं. गुरुवारचं काही निघालं नसतं.

त्यांनी बाहेर येऊन फोन लावला.

"लाल फळीखालचा डबा कसा उघडतात?"

पलीकडे हॉर्न वाजत होते. "कोण, ताई? डबा? तुम्ही कशाला?"

"ते सडपातळ लाजवंती आहे. किडे खातं." मग थांबून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी गुरुवारीच सांगितलं होतं, तुला रातकिडे सोडून बघायला सांग म्हणून. मी तुला सांगितलं नाही."

बुद्धरत्नच्या मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, घ्या की पुढं!" गाडीचा गिअर पडल्याचा आवाज आला.

"तीन दिवस, ताई?" तो म्हणाला.

"हो."

"बरं, ऐका. मी पोचतो तास-दीड तासात. मी घालतो. तुम्ही नका हात लावू. नेम आहे तुमचा."

"तास-दीड तास त्याच्याजवळ आहे का, मला माहीत नाही," कुसुमताई म्हणाल्या. "कसा उघडतात ते सांग."

"झाकणाला दोन खिट्ट्या आहेत. पुठ्ठा उचला, खाली असतात. चिमटा भिंतीला आहे. मागचा पाय धरून उचलायचे. आधी चारच द्या, एकेक करून. पोट रिकामं आहे, एकदम नको." तो थांबला. "हातमोज्यांची गरज नाही मग. ही जात चावली तरी तसं विष नाही."

डब्यात किरकिर चालू होती. खिट्ट्या काढताना कुसुमताईंचे ओठ सवयीनं हलले. कुठलंही काम त्या नाव घेऊनच सुरू करत. दुसऱ्याच अक्षराला त्यांनी ते थांबवलं. या कामावर नावाचं पांघरूण घालायला नको, असं त्यांना वाटलं. झाकण उघडल्यावर किरकिर बंद झाली.

पहिला रातकिडा चिमट्यातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरला. आतल्या खोलीत त्यांनी तो जाळीच्या खिडकीतून पुढे केला. त्याचे पुढचे पाय हवेत चालत होते. जनावर आलं, हळू, अगदी हळू, त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं, आणि मग दोन्ही हातांनी घेतलं. त्याच्या बोटांचा थंड स्पर्श चिमट्यावरून निसटून क्षणभर त्यांच्या अंगठ्याला झाला. कुसुमताईंनी नजर वळवली नाही. चारही किडे त्यांनी तसेच दिले, आणि चौथा संपेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. मग वही काढली. गुरुवारच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं: सडपातळ लाजवंती, प्रौढ. आहार, जिवंत किडे. वरील नोंद चूक. डॉक्टरांचा निरोप मी पुढे दिला नव्हता. त्याखाली सही केली.

बुद्धरत्न साडेआठला आला. घुबडाचा खोका खाली ठेवून त्यानं वही वाचली. मग लाजवंतीच्या खोलीत जाऊन आला. "आणखी तीन खाल्ले असते," तो म्हणाला. "घालू?"

"मी घालते," कुसुमताई म्हणाल्या.

"माझं काम आहे ते ताई."

"हे जाईपर्यंत माझं."

त्यानं डबा त्यांच्या बाजूला सरकवला. तो रागावला होता की नाही, हे त्यांना कळलं नाही. एरवी तो जाताना 'येतो ताई' म्हणे. त्या दिवशी म्हणाला नाही. सोमवारपासून पुन्हा म्हणू लागला.

रविवारी सकाळी वजन एकशे एकाहत्तर होतं. डॉक्टर मिनल थेट बसमधून उतरून आल्या, जनावर तपासलं, वही वाचली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी आसाम लिहून टाकणार होते, कुसुमताई." आणि हात धुवायला गेल्या.

पुढचे अकरा दिवस कुसुमताईंनी रोज संध्याकाळी सातला रातकिडे घातले. निळ्या फळीवरचं काम संपवून, हात धुऊन, मग दुसऱ्या बाजूला जात. ते खाऊन झालं की जेवणाचा डबा उघडून स्वतःची भाकरी खात. बाराव्या दिवशी वनखात्याच्या गाडीतून लाजवंती दोडामार्गाकडच्या जंगलात गेली. तेव्हा ती दोनशे चार ग्रॅम होती. खोक्यात ती पुन्हा गोळा होऊन निजली होती, आणि तशी ती पुन्हा गोलच दिसत होती.

कार्तिकात दिघीच्या विठ्ठल मंदिरात चातुर्मासाच्या नेमांचं उद्यापन असे. बायका आपापला नेम देवापुढे सांगत आणि सोडत. कुणी कांदा सोडलेला, कुणी चपला, कुणी एकवेळ जेवलेली. कुसुमताईंनी या वर्षी उद्यापनाचं साहित्य नेलं नाही. नुसता हार नेला.

परत आल्यावर सोजराबाईंनी विचारलं, "झालं का उद्यापन?"

"नाही केलं. यंदाचा नेम मोडला माझा. पुढल्या वर्षी पहिल्यापासून धरीन."

"किडं घातलंस म्हून?" सोजराबाई म्हणाल्या. "अगं, त्या दिशी शनिवार व्हता. मारुतीचा वार. त्यो जानतोय सगळं. शनिवारचं न्हाई लागत."

कुसुमताईंनी सासूच्या पायाखालची गोधडी सारखी केली.

"शनिवारी नाही मोडला आई," त्या म्हणाल्या. "गुरुवारी."